रत्नप्रभाने वसवलेल्या साती आसरा

रत्नप्रभा धुरी आयुष्यात एकदाच खोटं बोलली आणि ते इतकं झकास बोलली, की निस्तरताना आम्हा सगळ्यांची वाट लागली.

मी तिची शेजारीण. वेसाव्याच्या समुद्राला पाठ लावून एक बैठी चाळ होती, तिच्यात तिची खोली चौथी आणि माझी पाचवी. मी वनमाला, म्युनिसिपालिटीच्या शाळेत पाचवी ते सातवीला शास्त्र आणि गणित शिकवायची. स्वभावाने तिरसट. हे मी म्हणत नाही, हेडमास्तरांनी माझ्या गोपनीय अहवालात लिहून ठेवलं होतं आणि तो अहवाल गोपनीय राहिला नव्हता.

धुरी मंडळी त्र्याऐंशी साली तिथे आली. नवरा लवू गिरणीत होता. संप झाला, गिरणी बसली, आणि लवू सात बंगल्याजवळच्या एका बिल्डिंगवर वॉचमन म्हणून लागला. परळची जागा सोडून अशा आडबाजूला यायचं म्हणजे दुसरी बाई रडली असती. रत्नप्रभाने टेम्पोतून उतरल्या उतरल्या समुद्र पाहिला, हातातलं बोचकं रस्त्यात टाकलं आणि साडी गुडघ्यापर्यंत खोचून ती खडकांकडे पळत सुटली. ट्रंक, स्टोव्ह, पिंप, सगळं लवूने एकट्याने आत नेलं. तासाभराने ती परत आली ती हसतच. तिचं हसणं आधी पोटात सुरू व्हायचं, मग खांदे उडायचे, आणि आवाज सगळ्यात शेवटी फुटायचा. फुटला की तो कोळीवाड्यापर्यंत जायचा.

"अगं, सामान लावायचं सोडून कुठे गेली होतीस?" मी दारातून विचारलं. ओळख ना पाळख, पण मला राहवलं नाही.

"शेजाऱ्यांका भेटून इलंय," ती म्हणाली.

मला वाटलं कोळणींना भेटली असेल. तसं नव्हतं, हे मला कळायला पुढची दिवाळी यावी लागली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तिने माझं दार वाजवलं. शाळेला सुट्टी, मी गाढ झोपेत.

"बाई, चला. सव्वाआठाक पाणी पार ओसरतला."

"सव्वाआठ कोणी सांगितलं? पेपरात आलंय?"

"पेपर कित्याक? आज तीज. तीन पाऊण सव्वादोन. सव्वादोनाक भरती, म्हणजे सव्वाआठाक सुकती."

मालवणकडच्या माणसांचं हे घड्याळ. तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ निघते, तिच्यात सहा तास मिळवले की ओहोटीची. अकरा वर्षं मी पोरांच्या बोकांडी पाऊणकी मारली, तिचा रडवण्यापलीकडे काही उपयोग असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या धक्क्यातच मी तिच्याबरोबर निघाले.

खडकांवर मी दोनदा आपटले. एक वहाण फटीत गेली ती गेलीच. पाणी दूर सरकलं होतं आणि खडकाच्या खळग्याखळग्यांत मागे राहिलेल्या पाण्याची तळी चकाकत होती. कुठलं परातीएवढं, कुठलं खाटेएवढं. एका खाटेएवढ्या तळ्याशी तिने मला बसवलं. मला त्यात पाणी आणि दगड दिसले. तसं मी म्हटलं.

"बघू नका. नुसत्या बसा," ती म्हणाली.

बसले. रागानेच बसले. आणि थोड्या वेळाने त्यातला एक दगड चालायला लागला.

मी किंचाळले. तो शंख होता, आणि शंखाखाली पाय होते. "ह्यो भाडेकरू," रत्नप्रभाने ओळख करून दिली. खेकडाच तो, पण स्वतःचं कवच अपुरं, म्हणून मेलेल्या गोगलगाईच्या शंखात घुसून राहतो, आणि अंगाने भरला की मोठी जागा शोधतो. पागडी नाही, दलाल नाही. मग तिने मला वहिनी दाखवली. वहिनी म्हणजे समुद्रफूल. गुलाबी पाकळ्या पसरून बसलेली, पण बोट लागलं की पदर आवरून गप्पकन मिटायची. दगडाच्या पोटाला करंगळीच्या नखाएवढा तारामासा चिकटला होता, जिवंत. मी त्याच्याकडे बघतच राहिले. अकरा वर्षं मी फळ्यावर तारामासा काढत होते, दोन डोळे आणि हसरे ओठ असलेला. तो मी आजवर जिवंत बघितलाच नव्हता. मला माझीच इतकी लाज वाटली की मी हसायला लागले, आणि रत्नप्रभाला तर निमित्तच हवं होतं. आम्ही दोघी घोड्यासारख्या वाढलेल्या बायका खडकावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

त्या दिवसापासून मीही बिघडले. सुकती शाळेच्या वेळेत आली की माझं डोकं उठायचं. बीज, तीज, चौथ, पंधरवड्यातल्या ह्या तीन तिथी मी कॅलेंडरवर लाल शाईने गोल करून ठेवायची. चाळीतल्या बायकांना वाटलं, मी उपास धरलेत.

तुळशीची लग्नं उरकली आणि ट्रक आले.

सात बंगल्याकडे कोणी बिल्डर जुनी घरं पाडत होता. पाडलेल्या विटामातीला मुंबईत राबिट म्हणतात. हे राबिट लांब कचऱ्याच्या डेपोपर्यंत कोण नेणार? खडक जवळ होते. पहिल्या दिवशी दोन ट्रक ओतले, आणि परातीएवढी तीन तळी विटांखाली गेली. दुसऱ्या दिवशी वद्य तिजेला सकाळी पुन्हा ट्रक आले, तेव्हा रत्नप्रभा आणि मी खडकांवरच होतो. ती उठली आणि उलट्या येणाऱ्या ट्रकच्या मागे जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

मुकादम उडी मारून उतरला. शिवदास नाव त्याचं. आडवा बांधा, जाड मिशा, गळ्यात रुमाल. "ओ काकी, हटा ना! मरायचंय का?"

"हयसर टाकू नको. दुसरीकडे टाक."

"का पण? काय आहे इथे? नुसता खडक तर आहे!"

आता तिने खरं सांगायला हवं होतं. मीही तोंड उघडून तारामाशापासून सुरुवात करणार होते. पण शिवदासच्या तोंडाकडे बघितल्यावर आम्हा दोघींनाही कळलं, की ह्या माणसाला भाडेकरू आणि वहिनी सांगून काही होणार नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. आणि रत्नप्रभा म्हणाली, "हयसर साती आसरा आसत."

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. गावोगावच्या विहिरी-तळ्यांवर त्यांची ठाणी असतात, आणि त्यांच्या वाटेला गेलेल्याचं भलं होत नाही, हे महाराष्ट्रात कोणाला शिकवावं लागत नाही. शिवदासचा चेहरा उतरला. त्याने आधी चपला काढल्या, मग रुमाल. मग ड्रायव्हरला म्हणाला, "वळव रे गाडी. वळव म्हणतो ना!"

ट्रक गेले. रत्नप्रभा मात्र जागेवरून हलेना.

"बाई, मी खोटा बोललंय," ती म्हणाली. "आमच्या गावच्या तळीवर खरी आसरा आसत. त्यांका मी काय सांगू आता?"

"सांग की शाखा उघडली," मी म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिचे खांदे उडायला लागले.

जरा पलीकडे सखुबाई कोळीण कोयतीने खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं फोडत होती. सासूच्या काळापासून तिचं कुटुंब त्या खडकांवर कालवं फोडत आलेलं. तिने सगळं ऐकलं होतं. "हितं आसरा? कवापासून गो बाय?" तिने विचारलं आणि एक डोळा मिटला. मग पुन्हा कोयती चालवायला लागली.

राबिट थांबलं. आम्ही दोघींनी मिळून त्या तीन तळ्यांमधल्या विटा उपसल्या. रत्नप्रभाला वाटलं, झालं, एवढ्यावर भागलं. पण देवी एकदा बसली की ती बसवणाऱ्याचं ऐकत नाही. मार्गशीर्षाच्या पहिल्याच गुरुवारी एका बाईने खाटेएवढ्या तळ्यात ओटी सोडली. दुसऱ्या गुरुवारी सात जणी आल्या. खण, नारळ, हिरव्या बांगड्या. एक खेकडा नांगीत बांगडी अडकवून ऐटीत चाललेला मी पाहिला आणि हसून हसून घसरले. रत्नप्रभाही हसली. शिवदास आला, त्याने लांबून नमस्कार केला आणि विचारलं, "काकी, दर्शनाची वेळ काय असते?" हिने हौसेने त्याला तिथीची पाऊणकी पढवली. आणि इतकं करून शहाणी म्हणते कशी, "बघा बाई, लोक खडकांवर यायला लागले. आता त्यांका हळूहळू आतली मंडळी दाखवूया."

मंडळी बघायला कोणी थांबत नव्हतं. डोळे मिटून नमस्कार करायचा आणि घाईघाईने परत फिरायचं. डोळे मिटून आलेल्या माणसाला तारामासा कसा दिसणार?

संक्रांत आली आणि कहर झाला. हळदीकुंकवाचा महिना. अंधेरीपासून बायका यायला लागल्या. काळ्या चंद्रकळा नेसून, तबकं घेऊन, शेवाळावर घसरत, एकमेकींना धरत, किंकाळ्या मारत. देवीला हळद, देवीला कुंकू, देवीला तिळगूळ. कोणी दूध ओतलं, कोणी तेलाचा दिवा सोडला तो उलटला. चौथ्या दिवशी बायकांच्या मागोमाग आम्ही गेलो तेव्हा त्या तळ्याचं पाणी पिवळंतांबडं झालं होतं आणि वर तेलाचा तवंग होता. समुद्रफुलं मिटली होती ती उघडेनात. तीन छोटे मासे उताणे तरंगत होते. एका शंखातून भाडेकरू अर्धा बाहेर लोंबत होता, मेलेला.

रत्नप्रभाने तो उचलून तळहातावर घेतला. त्या दिवशी ती हसली नाही. मला ते बघवेना. विटामातीने मेली असती तर शिव्या देता आल्या असत्या, ही तर भक्तीने मेली होती.

आणि त्याच संध्याकाळी शिवदास पेढे घेऊन आला.

त्याची बायको जयंती. तिची आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. ट्रक वळवला तेव्हा तिला आठवा सरून नववा लागला होता, आणि शिवदासने आसरांना नवस केला होता. मुलगी झाली, खणखणीत. आता सव्वा महिना उलटला होता. "नवस फेडायचाय, काकी," तो म्हणाला. "आयांना असं उघड्यावर ठेवायचं नाही. बिल्डर मालकाकडून वीस गोण्या सिमेंट मागून घेतलंय, पांढऱ्या लाद्या घेतल्यात. ती सगळी तळी बुजवून मस्त सपाट चौथरा करतो, वर घुमटी. माघातल्या तिजेला काम सुरू. सव्वाआठला सुकती ना? बघा, तुम्हीच शिकवलंत!"

तो गेला. पेढ्यांचा पुडा आमच्या दोघींच्या मध्ये पडून राहिला.

"पेढा तरी खा," मी म्हटलं.

"पंधरा ट्रक राबिट पडला असता तरी कायतरी उरला असता," ती म्हणाली. "ह्या चौथऱ्याखाली काय एक उरायचा नाय. आणि ता मी केलंय, बाई. मीच."

मग मला सुचलं. काट्याने काटा काढायचा. देवी हिने आणली, तर देवीनेच बोलावं. हिच्या अंगात यावं, आणि देवीने सांगावं, की मला सिमेंट नको, कुंकू नको, नारळ नको, हात जोडा आणि चालू लागा. शास्त्राची शिक्षिका मी, असला सल्ला देताना माझी जीभ झडायला हवी होती. ती झडली नाही. उलट मला भलताच उत्साह आला.

तालमी धुरींच्या खोलीत सुरू झाल्या. लवू ड्युटीवरून येऊन खाटेवर बसायचा आणि चुका काढायचा. गावी दशावतारात तो राक्षस व्हायचा, त्यामुळे ह्या विषयात त्याचा शब्द शेवटचा. रत्नप्रभाने केस सोडले, डोळे फिरवले आणि मान गरगरा घुमवली.

"काय ह्या!" लवू कळवळून म्हणाला. "अंगात येणा असा आसता? पयलो पायाचो अंगठो हलूक होयो. मगे पोटरी. मगे खांदो. तू एकदम डोक्यात जातंस! हुंकार दी बघूया."

तिने हुंकार दिला. शेजारच्या खोलीतलं कुत्रं भुंकायला लागलं. लवूने उठून राक्षसाची एक आरोळी नमुना म्हणून मारली, तशी भिंतीवरची दोन भांडी खाली आली. पाच दिवस हे चाललं. रत्नप्रभाचा अंगठा छान हलायचा, पोटरी छान थरथरायची, खांद्यांपर्यंत आलं की ती हसायला लागायची, कारण खांदे उडायचे तिला एकच कारण माहीत होतं. "देवी हसत असता कधी?" लवू ओरडायचा. मी उशी तोंडात कोंबून बसायची. तिजेच्या आदल्या दिवशी तिने शेवटपर्यंत न हसता केलं, आणि मीच घाबरले.

तिजेला मी किरकोळ रजा टाकली. सकाळी आठला खडकांवर पन्नासेक बायका, ढोल, अगरबत्त्या. सिमेंटच्या गोण्या काठावर रचलेल्या, चार गडी घमेली घेऊन तयार. शिवदास पांढऱ्याशुभ्र नव्या सदऱ्यात नवरदेवासारखा. पाणी सरकत सरकत पार लांब गेलं होतं. तळी एकामागून एक उघडी पडत होती, आणि त्यांना माहीत नव्हतं की आज त्यांच्यावर लाद्या बसणार आहेत.

ढोल घुमला. मी रत्नप्रभाला कोपराने ढोसलं. तिने केस सोडले. अंगठा हलला. पोटरी थरथरली. बायका मागे सरकल्या. कोणीतरी "आई आली, आई आली!" म्हणून ओरडलं. तिने जो हुंकार दिला त्याने ढोलवाल्याचा हात वरच्या वर राहिला. लवू माझ्या कानात म्हणाला, "बेस!"

तेवढ्यात शिवदास पुढे धावला. जयंतीच्या हातातून त्याने दुपट्यात गुंडाळलेली पोर घेतली आणि रत्नप्रभाच्या पायांशी, त्या गार दगडावर ठेवली. स्वतः आडवा झाला. "आई, तू दिलीस," तो रडत होता. एवढा आडवातिडवा माणूस, मिशांवरून पाणी ओघळत होतं. "तू दिलीस, तूच सांभाळ."

रत्नप्रभाने खाली बघितलं. पोर डोळे उघडे ठेवून तिच्याकडे बघत होती.

थरथर थांबली. तिने केस गोळा केले, गच्च आंबाडा बांधला, वाकून पोर उचलली आणि छातीशी धरली. आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "शिवदास, ऊठ. माझ्या अंगात काय येवक नाय. हयसर आसरा नायत. मी खोटा बोललंय."

मला वाटलं, मेलो. आता हा गोण्या फेकून देईल आणि उद्यापासून रोज पंचवीस ट्रक. बायकांमध्ये कुजबुज उठली. एक म्हणाली, देवी परीक्षा घेते आहे. दुसरी म्हणाली, आम्ही काय मूर्ख म्हणून एवढ्या लांब आलो? माझ्यासारखी एखादी तिरसट असणारच गर्दीत.

शिवदास उठून उभा राहिला. सदरा ओला, त्याला शेवाळ. "म्हणजे, काहीच नाही इथे? मग माझी पोर कोणी दिली?"

"तुझ्या बायलेन दिल्यान, मेल्या!" रत्नप्रभा कडाडली. "नऊ म्हयने तिना वागवल्यान, दोन गेल्याचा दुःख गिळून परत तिनाच वागवल्यान, आणि तू पाया पडतस खडकाच्या?"

आणि मग हसण्याचा आवाज आला. जयंती हसत होती. तोंडावर पदर दाबून हसायला लागली ती थांबेना. तिच्यामागून सखुबाई हसली, मग ढोलवाला, मग ज्यांना आपण का हसतोय हे माहीत नव्हतं त्याही.

"आणि हयसर काय नाय असा मी म्हटलंच नाय," रत्नप्रभा म्हणाली. तिने पोर जयंतीकडे दिली, शिवदासचं मनगट धरलं आणि त्याला पार खालच्या बाजूच्या तळ्याशी नेलं, जिथवर कोणाचं कुंकू पोचलं नव्हतं. "बस. हात पाण्यात घाल. हलू नको."

मुकादम बसला. हात घातला. आम्ही सगळे भोवती कोंडाळं करून. मिनिट गेलं, दोन गेली. मग दगडाखालून काचेसारखी पारदर्शक चिंगळं, कोळंबीची धाकटी भावंडं, निघाली, भाताच्या शितापेक्षा थोडी मोठी. एक त्याच्या बोटावर चढलं. मग चार. मग दहा-बारा. आपल्या इवल्याशा चिमट्यांनी ती त्याच्या नखांतलं सिमेंट टिपायला लागली, कातडी चाचपायला लागली.

शिवदासच्या मिशा हलल्या. "ए... ए, गुदगुल्या होतायत रे!" तो म्हणाला, आणि पोरीसारखा खिदळला. हात मात्र त्याने काढला नाही.

मग काय विचारता! बायकांनी तबकं खडकावर ठेवली आणि जागा मिळेल तिथे बसकण मारली. चंद्रकळांचे काठ पाण्यात भिजले. पन्नास हात सात-आठ तळ्यांत. "अगंबाई, चावलं!" "चावत नाही गं, पप्पी घेतंय!" "हे फूल बघ, हे फूल मिटलं!" मी माझ्या शाळेच्या आवाजात एका तळ्यावरून दुसऱ्यावर धावत सांगत होते, दगड उलटलात तर जसा होता तसा ठेवा, घरावरचं छप्पर आहे ते, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा वर्ग माझं ऐकत होता. त्या सकाळच्या कुंकवाने पुन्हा गढूळलेलं तळं मी त्यांना मुद्दाम दाखवलं, त्यातले मिटलेले जीवही. एका म्हातारीने आपलं तबक उचललं, पदराने झाकलं आणि ती कोणाकडे न बघता काठाला जाऊन ठेवून आली. मग एकेक करून बाकीच्याही गेल्या.

"मना तं पयल्यापासून ठाव होतं, आसरा नाय त्या," सखुबाई मला म्हणाली. "पन मी बोललं नाय. कालवं वाचत होती ना!"

पाणी परत यायला लागलं. बायका पांगल्या. शिवदास अजून त्याच तळ्याशी होता. त्याचा चेहरा आता उतरला होता.

"काकी," तो म्हणाला, "मालक विचारणार. देवी नाही म्हटल्यावर उद्या ट्रक पाठवणार. काय सांगू त्याला?"

"खरा काय ता सांग. जित्राबा आसत म्हणान सांग."

"जित्राबांना तो घाबरत नाही. देवीला घाबरतो."

रत्नप्रभाकडचं खोटं तर संपलं होतं, आणि खऱ्याला ट्रक अडवता येत नव्हता. तिचे डोळे भरून आले.

शिवदास उठला. ओला हात त्याने नव्या सदऱ्याला पुसला. "मालकाला मी बघतो. ट्रक माझ्या शिट्टीवर वळतात. त्याने मला काढलं तर काढलं, दुसरा मुकादम येईल त्यालाही इथेच आणून बसवीन, हात घालून."

"अरे, पण तू कित्याक आपल्याच पोटार पाय देतस? देवीचा खोटा होता ना."

"देवीचं तुम्ही खोटं सांगितलंत, काकी. नवस मी खरा केला होता. पोर जगली तर ह्या जागेला कोणाचा हात लागू देणार नाही, असं बोललो होतो; चौथराही त्यासाठीच होता. ऐकायला इथे कोणी नव्हतं, ठीक आहे. पण मी तर ऐकलं होतं ना?"

त्याने गड्यांना हाक मारली, आणि सिमेंटची पहिली गोणी स्वतःच्या डोक्यावर घेऊन तो ट्रककडे चालू लागला.